मैदानाआधी गुणपत्रिका : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील शैक्षणिक पात्रतेचे निकष

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल संघासाठी खेळाडू निवडताना प्रशिक्षक वेग, ताकद आणि कौशल्य पारखतात. मात्र शालेय गुणपत्रिका अपुरी ठरली, तर गुणी खेळाडूलाही पहिल्या वर्षी सामन्यात उतरता येत नाही. लंबगोल चेंडूच्या या खेळातील व्यावसायिक ‘नॅशनल फुटबॉल लीग’ शालेय शिक्षण संपल्यानंतर तीन वर्षे खेळाडूला प्रवेश देत नाही. त्यामुळे व्यावसायिक कारकिर्दीची वाट बहुतेकांसाठी महाविद्यालयातूनच जाते आणि शालेय गुणांना निर्णायक महत्त्व प्राप्त होते.

नियम काय सांगतो?

हे निकष १९०६ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ (एनसीएए) ठरवते. सर्वोच्च अशा पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीदरम्यान १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांत इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन आणि सामाजिक शास्त्रांचे दोन अभ्यासक्रम अनिवार्य आहेत. या अभ्यासक्रमांत चारपैकी किमान २.३ सरासरी आवश्यक असते.

खरी अडचण वेळेची असते. १६ पैकी १० अभ्यासक्रम अंतिम शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे लागतात आणि त्यांतील सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. त्या सात विषयांतील श्रेणी नंतर पुन्हा परीक्षा देऊन सुधारता येत नाही. सरासरी २.० ते २.३ दरम्यान असल्यास शिष्यवृत्ती आणि सराव शक्य असतो. पण पहिल्या वर्षी सामना खेळता येत नाही. ही व्यवस्था २०१६ पासून लागू आहे.

वादाचा इतिहास

१९८६ मध्ये लागू झालेल्या ‘प्रपोझिशन ४८’ने ११ विषयांत २.० सरासरीसोबत ‘सॅट’ परीक्षेत ७०० गुणांची अट घातली. अपात्र ठरलेल्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण मोठे होते. १९८९ मध्ये अशा खेळाडूंची शिष्यवृत्तीही रोखण्याच्या प्रस्तावाविरोधात जॉर्जटाऊन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी सामन्यापूर्वी मैदान सोडून निषेध नोंदवला. तो प्रस्ताव पुढे सौम्य करण्यात आला.

निकषांच्या समर्थकांचे म्हणणे असे, की अट नसेल तर विद्यापीठे खेळाडूंचा वापर करून त्यांना पदवीविना सोडून देतील. टीकाकारांच्या मते, परीक्षेतील गुण बुद्धिमत्तेपेक्षा शाळेची साधनसामग्री आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती अधिक दर्शवतात. अखेर जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या श्रेणीसाठी प्रमाणित परीक्षेची अट रद्द करण्यात आली.

प्रवेशानंतरही कसोटी

पात्रतेची तपासणी प्रवेशाबरोबर संपत नाही. पदवीसाठी लागणाऱ्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के भाग दुसऱ्या, ६० टक्के तिसऱ्या आणि ८० टक्के चौथ्या वर्षाअखेर पूर्ण करणे बंधनकारक आहे. संघाच्या शैक्षणिक प्रगतीचेही १,००० गुणांवर मोजमाप होते. ९३० पेक्षा कमी गुण मिळाल्यास संघाला हंगामोत्तर सामन्यांना मुकावे लागू शकते.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. त्यामुळे गुणपत्रिकेवर आता शिष्यवृत्तीबरोबरच उत्पन्नही अवलंबून आहे. परीक्षेची अट गेली असली, तरी विषयांची अट कायम आहे. म्हणूनच नववीत प्रवेश घेणाऱ्या, अजून कोणत्याही प्रशिक्षकाच्या नजरेत न आलेल्या मुलासाठी योग्य विषयांची निवड आणि ती करून देणारा जाणकार शिक्षक या दोन्ही गोष्टी मोलाच्या ठरतात. ज्या शाळांत असे मार्गदर्शन नाही, तेथील खेळाडूला चूक उमगते तेव्हा ती दुरुस्त करण्याची मुदत अनेकदा संपलेली असते.