गाउटचा दाह पेटतो कसा, विझतो कसा

रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने जागा होतो. सांधा लालबुंद, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. दोष युरिक ॲसिडला दिला जातो, पण ते अर्धंच खरं. रक्तात त्याचं प्रमाण डेसिलिटरला सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिलं, की सांध्यात सुईसारखे स्फटिक साचू शकतात. मात्र ते वर्षानुवर्षं गप्पही राहतात.

दाह पेटवते ती आपलीच प्रतिकारयंत्रणा. सांध्यातल्या भक्षक पेशी स्फटिक गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. मग पेशीच्या आत एनएलआरपी3 ही प्रथिनांची जुळणी होते आणि इंटरल्युकिन-1 बीटा हा धोक्याचा संदेश बाहेर पडतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हा दुवा 2006 मध्ये दाखवला. संदेश मिळताच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची सांध्याकडे रीघ लागते आणि सूज, उष्णता, वेदना वाढत जातात. कोल्चिसिन हे गाउटवरचं औषध याच पेशींना आवरतं.

सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढेच आहे. औषधाविनाही हा दाह आठवडा-दोन आठवड्यांत बहुधा शमतो. त्याचं एक कारण असं, की मरणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर टाकतात. त्या जाळ्यांच्या गुंत्यात दाहाचे रेणू अडकतात आणि नष्ट होतात. स्फटिक मात्र तिथेच असतात. म्हणून ठणका थांबला की युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी मनाने बंद करणं फार महागात पडतं. आणखी एक, ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. तेवढ्यावरून गाउट नाही असं ठरवू नये.