पाटनहून मेडिकलला

जबलपूरच्या बसस्टँडवर 'मेडिकल' एवढंच म्हटलं तरी रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. शहराच्या गढा भागात, नागपूर रस्त्याच्या बाजूला असलेलं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं भलंमोठं रुग्णालय म्हणजे मेडिकल. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या शहरातही 'मेडिकल'चा अर्थ एकच होतो.

या मेडिकलपासून साधारण 30-35 किलोमीटरवर पाटन आहे. सातारा जिल्ह्यातलं पाटण नव्हे, जबलपूर जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. जवळून हिरन नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. जमीन काळी, भारी. बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी कोंडायचं आणि ते सोडून रब्बीचं पीक घ्यायचं, ही इथली जुनी 'हवेली' पद्धत. गहू, हरभरा आणि अलीकडे वाटाणा. थंडीत या पट्ट्यातला हिरवा वाटाणा ट्रक भरभरून बाहेर जातो. अशा गावातल्या, हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकलेल्या मुलामुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं, तर त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं? आपल्याकडे या विषयावरची सगळी चर्चा प्रवेश परीक्षेपाशी सुरू होते आणि निकालापाशी संपते. पुढच्या साडेपाच वर्षांबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपलाही धागा आहे. जबलपूरचं महाविद्यालय 1955 सालचं. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना व्हायला अजून वर्ष होतं. म्हणजे हे महाविद्यालय सुरू झालं तेव्हा राज्याचा कारभार नागपुरातून चालत होता. त्याआधी मध्य प्रांतातल्या मुलांना डॉक्टरकीसाठी नागपूर गाठावं लागे. तिथे आधी रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, 1947 पासून वैद्यकीय महाविद्यालय झालं. होळकरांच्या इंदूरला 1878 पासूनच वैद्यकीय शाळा होती आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या राज्यात 1946 साली गजरा राजा महाविद्यालय निघालं. आजच्या मध्य प्रदेशातल्या वैद्यकीय शिक्षणाचा पाया असा बराचसा मराठी कारभाराच्या सावलीत घातला गेला आहे. आता राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं आयुर्विज्ञान विद्यापीठही जबलपुरातच आहे. त्याचा कायदा 2011 चा.

प्रवेशाचं गणित बहुतेक घरांत पाठ असतं. नीट परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक कापला जातो. 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर आणि परवडणाऱ्या सरकारी जागा त्यातल्या जेमतेम निम्म्या. त्या वर्षी पहिल्या निकालात तब्बल 67 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, पेपरफुटीचे आरोप झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सरसकट फेरपरीक्षा नाकारली गेली. मध्य प्रदेशातल्या पालकांना हा अनुभव नवा नव्हता. इथे 2013 मध्ये परीक्षांमधला व्यापमं घोटाळा बाहेर आला होता आणि राज्याच्या पीएमटी या वैद्यकीय प्रवेश परीक्षेवरचा विश्वासच उडाला होता. नीटबद्दल कितीही तक्रारी असल्या, तरी इथले अनेक पालक राज्याची जुनी परीक्षा परत मागत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

तयारीसाठी पैसे असलेली मुलं कोट्याला जातात, जशी आपल्याकडची लातूरला. पाटनसारख्या ठिकाणची बरीच मुलं जबलपुरात खोली घेतात, एक-दोन वर्षं 'ड्रॉप' घेतात. त्यांच्यासाठी राज्यानं 2023 पासून एक महत्त्वाची तरतूद केली: सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना 5 टक्के जागा. पण पहिल्याच वर्षी घोळ झाला. या 5 टक्क्यांतल्या अनारक्षित जागा भरल्या गेल्या नाहीत आणि त्या सर्वसाधारण यादीकडे वळवल्या गेल्या. त्याच वेळी सरकारी शाळेतच शिकलेल्या, चांगले गुण असलेल्या अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मुलांना मात्र त्या जागांवर प्रवेश मिळाला नाही. 20 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं आणि याचिका करणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षी प्रवेश द्यायला सांगितलं. फीसाठी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेचाही आधार आहे. दार किलकिलं झालं आहे, हे मान्यच करायला हवं.

दाराच्या आत पाऊल टाकल्यावर खरी कसोटी लागते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. मुलं त्याला 'फर्स्ट प्रॉफ' म्हणतात. डिसेक्शन हॉलमध्ये शिरण्याआधी देहदान करणाऱ्याप्रति आदराची शपथ घेतली जाते. मग टेबलाभोवती गट उभे राहतात, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात. प्राध्यापक कोपराच्या आतल्या बाजूला चिमट्यानं एक पांढरट दोरी उचलून धरतात आणि विचारतात, ही कोणती? अल्नर नर्व्ह. मनगटापाशी कापली गेली तर काय होईल? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होऊन हात पंजासारखा दिसेल. पाटनच्या मुलाला हे सगळं येतं. हॉस्टेलमध्ये मित्राला तो ते हिंदीत धडाधड समजावून सांगतो. व्हायव्हात मात्र इंग्रजी वाक्य जुळत नाही, जीभ अडखळते, आणि परीक्षकाला वाटतं की अभ्यासच नाही.

बारावीपर्यंत वर्गात पहिली आलेली मुलं इथे पहिल्यांदा नापास होतात. पर्यायातून उत्तर निवडायची सवय लागलेली असते. इथे पानं भरून लिहायचं आणि तोंडी सांगायचं असतं. घरी फोनवर कुणी हे बोलत नाही. गावात पेढे वाटून झालेले असतात, चौकात अभिनंदनाचा फलक लागलेला असतो. मुलगा गप्प राहायला लागला, सुट्टीत घरी यायचं टाळायला लागला, तर पालकांनी आधी मार्क विचारू नयेत, त्याला भेटायला जावं.

भाषेच्या या अडचणीवर मध्य प्रदेशानं एक मोठा प्रयोग केला. 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळमध्ये पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तकं निघाली. त्यांत संज्ञा इंग्रजीच ठेवल्या आहेत, फक्त देवनागरीत, वाक्यं हिंदी. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. नर्व्हला नवा संस्कृत शब्द शोधून मुलांचं ओझं वाढवण्यात अर्थ नाही. पण पुढच्या वर्षांची जाडजूड पुस्तकं, पदव्युत्तर परीक्षा, शोधनिबंध हे सगळं इंग्रजीतच असल्यामुळे मुलं हिंदी पुस्तकावरून समजून घेतात आणि उत्तर लिहिताना इंग्रजीकडे वळतात. हिंदी पुस्तक उंबरा ओलांडायला उपयोगी पडतं. पुढे इंग्रजी यावंच लागतं.

आणि मग मुलं वॉर्डात जातात, तिथे पारडं फिरतं. मेडिकलमध्ये रुग्ण येतात ते मंडला, डिंडोरी, दमोह, नरसिंहपूर, कटनी, सिवनी अशा भागांतून. बुंदेली बोलणारे, गोंड पाड्यांवरचे. केस घेणं म्हणजे खाटेशेजारी उभं राहून रुग्णाची हकिकत नीट क्रमानं काढून घेणं. कधीपासून, आधी काय झालं, मग काय. शहरात इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी विचारते आणि रुग्ण नुसता 'कमजोरी' म्हणून गप्प बसतो. पाटनचा मुलगा 'मूड़ पिरात है का, कक्का?' असं विचारतो आणि म्हातारा बोलू लागतो. 'जाड़ा दे के बुखार' हे तीन-चार शब्द ऐकले की हिवतापाची तपासणी सुचायला हवी. तरुण आदिवासी मुलगा वारंवार हाडं दुखतात म्हणतो, तेव्हा सिकलसेल आठवायला हवा. बाया 'सफेद पानी'बद्दल बोलतात ते अगदी हळू आवाजात, आणि तेही समोरचं माणूस आपल्यातलं वाटलं तरच. इथल्या आजारांचा अभ्यास करणारी आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था 1984 पासून गढ्यातच, नागपूर रस्त्यावर आहे. एवढं दालन ज्या विद्यार्थ्याला शेजारी मिळतं, त्याला मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयाचा हेवा वाटायचं कारण नाही.

साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप. तिचे 12 आठवडे सामुदायिक वैद्यकाचे असतात. सर्पदंश, बाळंतपण, फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी हे सगळं तिथे हाताखालून जातं. आता विद्यार्थ्यांना सुरुवातीपासूनच गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. त्यांच्या घरी वेळोवेळी जाऊन वजन, रक्तदाब, लसीकरण पाहायचं. ही भेट मनापासून झाली तर विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात न सापडणारं बरंच कळतं. नुसती वही भरली तर काहीच नाही.

याच महाविद्यालयातून 1967 मध्ये एमबीबीएस झालेले डॉ. एम. सी. डावर यांचं नाव जबलपुरात घराघरात माहीत आहे. 1971 च्या युद्धात त्यांनी सैन्यात काम केलं आणि 1972 पासून शहरात दवाखाना चालवला. फी दोन रुपयांपासून सुरू झाली ती शेवटपर्यंत वीस रुपयांच्या वर गेली नाही. 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. जुलै 2025 मध्ये ते गेले. त्यांच्याकडे पदव्यांची माळ नव्हती. साधं एमबीबीएस किती मोठं काम करू शकतं हे 'पीजीशिवाय काही खरं नाही' असं पहिल्या वर्षापासून ऐकणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

जागा वाढताहेत, सरकारी शाळांसाठी कोटा आला, हिंदी पुस्तकं आली. पण 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला महिनाभराचा पायाभूत वर्ग होता, त्यात भाषेसाठी राखीव तास होते. पुढे तो वर्ग आखडला गेला. हे चुकलं. महाराष्ट्रातही मराठीतून नीट देऊन गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीची मुलं वैद्यकीय महाविद्यालयांत येत आहेत आणि त्यांचीही अडचण हीच आहे. पहिलं संपूर्ण वर्ष आठवड्यातून दोन-तीन तास इंग्रजी बोलण्या-लिहिण्याचे आणि शहरी मुलांसाठी तितकेच स्थानिक बोलीचे, एवढी व्यवस्था प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयानं करावी. त्याला नवी इमारत लागत नाही, एक चांगला भाषाशिक्षक लागतो.