साष्टीचे किनारे आणि तिथीचे गणित

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये ब्रिजटाऊनच्या मैदानावर टी-२० विश्वचषक उचलणारा कर्णधार बोरिवलीत वाढलेला होता. पाठोपाठ बेरिल चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि आपला संघ काही दिवस त्या बेटावरच अडकून पडला. वर्तमानपत्रांत तेव्हा बार्बाडोसचे नकाशे छापून येत होते. ते पाहणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येते. बेटाच्या पूर्वेला अटलांटिक महासागर आहे आणि त्यावरून येणारा व्यापारी वारा वर्षाचा बहुतेक काळ त्याच अंगाला थडकत असतो. त्या बाजूच्या बाथशेबाला लाटांवर स्वार होणारे निष्णात लोक जातात, पोहायला कोणी फारसे उतरत नाही. पश्चिमेची बाजू वाऱ्याच्या आडोशाला, म्हणून शांत. मोठी हॉटेले तिकडेच आहेत. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे बेटाची बाजू एकदा ठरली की सकाळी जा नाहीतर संध्याकाळी, किनारा साधारण तोच भेटतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली माणसेही बेटावरच राहतात, हे त्यांच्या सहसा लक्षात नसते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र. हे साष्टी बेट. इथे बाजूचा प्रश्न निसर्गानेच सोडवून ठेवला आहे, कारण वाळू फक्त पश्चिमेला आहे. पण आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक चार मीटरच्या घरात जातो, कधी त्याहूनही पुढे. सपाट उताराच्या जुहूसारख्या ठिकाणी चार मीटर पाणी उतरले की शंभर पावलांहून जास्त वाळू उघडी पडते. सकाळचे जुहू आणि दुपारचे जुहू हे त्या अर्थाने दोन वेगळे किनारे आहेत. म्हणून माझे मत असे की साष्टीत आधी वेळ निवडावी, किनारा नंतर.

वेळ निवडायला मोबाइल लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढे चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. कोळीवाड्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. इमारतींतल्या आपल्याला मात्र चंद्र आठवतो तो संकष्टीला.

हे गणित दिवाळीला लावून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला. भाऊबीजेला द्वितीया, भरती दीडला. संध्याकाळी भावाबहिणींची पोरे घेऊन बाहेर पडाल तर वाळूच वाळू. कोजागरीला उलटे. मसाला दूध घेऊन मध्यरात्री किनारा गाठणाऱ्यांना ऐन उधाणाची भरती गाठते आणि बसायला पायऱ्या तेवढ्या उरतात. अनंत चतुर्दशीला चौदाचे पाऊणपट साडेदहा. २०२५ साली लालबागच्या राजाची मूर्ती दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या सकाळी गिरगावला पोचली आणि चढत्या पाण्यात तराफ्यावर नीट घेता आली नाही. विसर्जन झाले रात्री. पाऊणपटीच्या हिशेबाने त्या दिवशीची भरती सव्वाअकराला निघते.

जहाजांनाही हेच लागू. २०११च्या जुलैअखेरीस, अमावास्येच्या लगेच नंतर, खलाशांनी आधीच सोडून दिलेले 'पवित' हे जहाज वाहत येऊन जुहू-वर्सोव्याच्या वाळूत रुतले. ते निघाले नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणात, ऑगस्टच्या मध्यावर. मधले दोन आठवडे मात्र उपनगरांतल्या लोकांनी त्याची जत्रा केली.

जुहू हे सोपे उत्तर आहे आणि म्हणून त्याची गर्दी. एकोणिसाव्या शतकात ते साष्टीपासून सुटे असलेले वाळूचे चिंचोळे बेट होते, ओहोटीला पाण्यातून चालत जाण्याचे. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीला इथे राहिले ते निवांतपणासाठी, हे आज भेळेच्या गाड्यांसमोर उभे राहून पटणे कठीण. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल आणले तेही जुहूच्या धावपट्टीवर. इथल्या पाण्याचे गुणगान मी करणार नाही. इर्ला नाला जवळच समुद्राला मिळतो, तेव्हा पाय भिजवावेत, तोंड बुडवू नये. पण जुहू ओहोटीला पाहावे. ओल्या वाळूवर इवले खेकडे बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी घालत असतात आणि जरा खडकाळ जागी शंख-शिंपल्यांचा संसार उघडा पडतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७पासून लोकांना अशा फेऱ्यांना नेतो, त्याही ओहोटीच्याच वेळा पाहून.

वर्सोवा हा खरे तर घाटकोपरचा किनारा मानायला हवा. ८ जून २०१४ रोजी पहिली मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरकर अर्ध्या तासाच्या आत वर्सोवा स्थानकात उतरू लागला. पुढे रिक्षा. ऑक्टोबर २०१५पासून वकील अफरोज शाह यांनी इथला कचरा उचलायला सुरुवात केली, माणसे जमत गेली आणि मार्च २०१८मध्ये या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. कचरा मात्र थांबत नाही. मालाडची खाडी शेजारीच रिकामी होते आणि प्रत्येक भरती आपला वाटा परत आणून टाकते.

आता आक्सा. इथे मला सावकाश लिहायला हवे, कारण उपनगरांतली तरुण पोरे सुट्टीला आवर्जून जातात ती इथेच. मालाड पश्चिमेहून मढच्या बसने जाता येते, किनारा लांबरुंद आहे, जुहूपेक्षा मोकळा. आणि बुडण्याच्या बातम्यांत आक्साचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, गुडघाभर पाण्यात चालताना एकदम खड्डा लागतो, आणि उत्तरेला मनोरी खाडीचे मुख जवळ आहे. ओहोटी लागली की पाण्याला ओढ येते. पट्टीचा पोहणाराही त्या ओढीविरुद्ध हात मारून दमतो. तिच्या आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत सुटायचे असते. भांगाच्या दिवशी, पाणी चढत असताना, जीवरक्षकाच्या नजरेसमोर आणि कमरेच्या खाली, एवढ्या अटी पाळता येत असतील तरच आक्साच्या पाण्यात उतरावे. पालिकेचे जीवरक्षक उपनगरांत जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई एवढ्याच किनाऱ्यांवर असतात. जून ते सप्टेंबर या काळात गणितही विसरावे आणि पाणीही. जून २०२३मध्ये बिपरजॉय वादळाच्या लाटांत मुले बुडाली ती जुहूला, म्हणजे सर्वांत ओळखीच्या किनाऱ्यावर.

मुलुंडकरांनी इतके लांब यावेच असे नाही. त्यांच्या अंगणात ठाण्याची खाडी आहे. वाळू नाही, चिखल आणि कांदळवन आहे, पण त्या चिखलावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहितपक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली हे अभयारण्य झाले, २०२२मध्ये रामसर यादीत गेले. पूल ओलांडून ऐरोलीला गेले की होडीने फेरी मिळते आणि तिची वेळही भरतीच ठरवते. पाणी नसेल तर होडी रुतते आणि फार असेल तर पक्ष्यांना उभे राहायला चिखल उरत नाही. किनारा म्हटले की वाळू असा हट्ट सोडला तर साष्टीची पूर्व बाजू काही कमी नाही.

बोरिवलीकरांसाठी गोराई. जेट्टीवरून होडीने खाडी ओलांडली की धारावी बेट लागते. झोपडपट्टीची धारावी वेगळी. गोराई, मनोरी आणि उत्तन या गावांचा हा पट्टा. उत्तनच्या बाजूला धारावीचा किल्ला आहे, १७३९च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. २००९पासून विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. मनोरीला राहण्याची सोय आहे, निवांतपणा आहे. पाणी गढूळच, पण बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांमधून चालत समुद्राकडे जाणे मला बांधीव फरसबंदीपेक्षा बरे वाटते. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी ऑक्टोबरनंतर इकडे येऊ नये.

मढला जाण्याची मौज वर्सोव्याच्या होडीत आहे. रस्त्याने मालाडवरून वीस-बावीस किलोमीटरचा वळसा, होडीने काही मिनिटे. महापालिकेने इथे पूल बांधायचे ठरवले आहे. गावातल्या आजाऱ्याला दवाखाना जवळ येईल, हे नाकारता येत नाही. शनिवारी संध्याकाळी अंधेरीच्या सगळ्या गाड्या मढच्या एकेरी गल्ल्यांत शिरतील, हेही नाही.

एकच किनारा सांग म्हणाल तर मी एरंगळ सांगेन, मढ आणि आक्साच्या मधला. इथे वाळूला लागूनच १५७५ सालचे सेंट बोनाव्हेंचरचे चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे सण भरतो. ईस्ट इंडियन आणि कोळी घरे लोटतात, पूर्वी बैलगाड्यांतून आणि होड्यांतून येत, आता बसने आणि गाड्यांनी. जानेवारीत समुद्र शांत असतो. रविवार मात्र इंग्रजी महिन्याचा आणि भरती तिथीची, त्यामुळे त्या दिवशीचे एरंगळ दरवर्षी निराळे. अष्टमीच्या आसपासचा रविवार आला तर दुपारी बाराला ओहोटी असते, चर्चपुढची वाळू मोकळी, मुलांना खेळायला भरपूर जागा. अमावास्येजवळचा आला तर त्याच वेळी पाणी पुळणभर चढलेले, तेव्हा निघावे दुपारी तीननंतर आणि डबा घरूनच खाऊन. यंदाच्या जानेवारीचे पान उलटून तिथी पाहा आणि पाऊणपट करा.