हृदयातील अमायलॉइड व्याधी : नवी औषधे आणि आपले चिकित्सालय

काही वर्षांपूर्वी बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक पादशोथ व श्वासाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. त्याआधी सहा वर्षे हेच गृहस्थ दोन्ही हातांच्या मुंग्यांसाठी माझ्याकडे येत असत. वातव्याधी समजून मी त्यांना महायोगराज गुग्गुळ व अभ्यंगासाठी नारायण तेल दिले होते. पुढे त्यांनी दोन्ही मनगटांतील दबलेल्या नाडीची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ती गोष्ट मी विसरलो. शोथासाठी पुनर्नवा व अर्जुनाची योजना केली. थोडा उपशय मिळाला, पण उठताना चक्कर येऊ लागली. वर्षभराने हृदयरोगतज्ज्ञांनी निदान केले : ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड. हात आणि हृदय हे एकाच व्याधीचे दोन टप्पे होते. ही चूक आपल्यापैकी कोणाकडूनही होऊ शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

'अमायलॉइड' हे नाव १८५४ मध्ये फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने प्रचारात आणले. आयोडिनने हा पदार्थ पिष्टासारखा रंगतो म्हणून ते नाव. वस्तुतः तो पिष्ट नसून प्रथिन आहे. नाव मात्र तसेच राहिले.

ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. थायरॉक्सिन आणि जीवनसत्त्व 'अ' यांचे रक्तातून वहन करणे हे त्याचे प्राकृत कार्य. त्याचे चार समान घटक एकमेकांना धरून असतात. वार्धक्यामुळे किंवा जनुकातील दोषामुळे ही चौकट खिळखिळी होते, सुटे झालेले घटक वेडेवाकडे दुमडतात आणि त्यांचे न विरघळणारे तंतू हृदयाच्या भिंतीत साचत जातात. भिंत जाड दिसते, पण ती जाडी मांसाची नव्हे. हृदय ताठर होते, रक्त भरून घेण्यासाठी पुरेसे सैल पडत नाही. वार्धक्यजन्य प्रकार प्रामुख्याने साठीनंतरच्या पुरुषांत आढळतो.

काही वैद्यमित्र याला सरळ 'आम' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. साधर्म्य आकर्षक आहे हे मान्य. परंतु आमपाचक द्रव्यांनी हे तंतू विरघळतात याला पुरावा नाही, आणि त्या समजुतीत रुग्णाचे जे महिने जातात ते परत मिळत नाहीत.

आता औषधांकडे वळू. पहिला वर्ग चौकट घट्ट धरणाऱ्या औषधांचा. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत जेफ्री केली यांच्या संशोधनातून टॅफामिडिस निर्माण झाले. थायरॉक्सिन जेथे बसते त्याच जागी बसून ते चारही घटकांना सुटे होऊ देत नाही. ४४१ रुग्णांवरील त्याची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के रुग्ण दगावले. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हृदयविकारासाठी त्यास मान्यता दिली. त्याच जातीचे ॲकोरामिडिस नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते. डायफ्लुनिसाल हे जुने वेदनाशामकही हेच कार्य करते, परंतु वृक्कास व जठरास त्याचा उपद्रव होत असल्याने दुर्बळ हृदयाच्या रुग्णात ते जपूनच वापरावे लागते.

दुसरा वर्ग प्रथिनाची उत्पत्तीच रोखणाऱ्यांचा. वुट्रिसिरान यकृतपेशीतील त्या प्रथिनाचा निरोप्या, म्हणजे संदेशवाहक आरएनए, नष्ट करते. त्वचेखाली तीन महिन्यांतून एकदा टोचावयाचे हे औषध मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत हृदयविकारासाठी मान्य झाले. प्रथिन घटले की रक्तातील जीवनसत्त्व 'अ'ही घटते. म्हणून ते पूरक स्वरूपात देतात. असा रुग्ण रातांधळेपणाची तक्रार घेऊन आला तर आधी हे औषध चालू आहे का, ते विचारावे.

यांपैकी कोणतेही औषध साचलेले तंतू धुऊन काढत नाही; पुढचा संचय रोखते. टॅफामिडिसच्या चाचणीत आयुर्मानातील फरक सुमारे अठरा महिन्यांनंतरच दिसू लागला. उशिरा सुरू केलेल्या औषधाचा लाभ तोकडा का, ते यावरून कळेल. किंमत हा वेगळाच विषय. २०१९ मध्ये अमेरिकेत टॅफामिडिसची छापील किंमत वर्षाला सव्वादोन लाख डॉलर होती. उपचाराच्या खर्चाचा आकडा ऐकून माझ्या शिक्षक-रुग्णाचे कुटुंब गप्प झाले होते. गेल्या वर्षी ते गेले.

दुसरा एक प्रकार याहून घाईचा आहे. त्यात अस्थिमज्जेतील विकृत पेशी प्रतिपिंडांचे हलके तुकडे तयार करतात व तेच हृदयात साचतात. येथे आठवडेही मोलाचे. उपचार रक्तविकारतज्ज्ञांचे : बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड, डेक्सामिथासोन, आणि २०२१ पासून त्यांच्या जोडीला डाराटुमुमॅब.

याच प्रकाराशी हिरव्या चहाची गोष्ट निगडित आहे. हायडेलबर्गचे रक्तविकारतज्ज्ञ प्रा. वेर्नर हुन्स्टाइन यांना स्वतःलाच हा व्याधी जडला. हिरवा चहा पिऊन बरे वाटल्याचे त्यांनी २००७ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात पत्राद्वारे कळविले. साहजिकच हिरव्या चहाच्या अर्काचा बोलबाला झाला. परंतु २००९ मध्ये त्याच नियतकालिकात प्रयोगशाळेतील निष्कर्ष आले, की या चहातील घटक बोर्टेझोमिबला चिकटून त्याचे कार्य निष्फळ करतात. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की बोर्टेझोमिब चालू असलेल्या रुग्णास हा अर्क 'वनस्पतिजन्य आहे, घ्या' म्हणून देऊ नये.

आपल्या द्रव्यांतही सावधगिरी हवी. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या चालू असताना हे दुहेरी संकट होय. लवणभास्करासारखी क्षारलवणयुक्त चूर्णे शोथाच्या रुग्णात टाळावीत. डिल्टियाझेम व व्हेरापामिल या व्याधीत घातक ठरू शकतात आणि डिगॉक्सिनची विषारी लक्षणे लवकर उमटू शकतात. जुन्या चिठ्ठीवर ही औषधे पुन्हा देऊ नयेत. टॅफामिडिसमुळे रोसुव्हास्टॅटिन व मेथोट्रेक्सेट यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारे वृद्ध आपल्याकडे कमी नाहीत.

शंका केव्हा घ्यावी? दोन्ही हातांची मनगट-शस्त्रक्रिया, कंबरेच्या मणक्यातील अरुंद नाडीमार्ग, दंडाचा स्नायुबंध अकस्मात तुटणे, वर्षानुवर्षांचा रक्तदाब आपोआप उतरून गोळ्या सोसेनाशा होणे. आणि प्रतिध्वनिचित्रात भिंत जाड असूनही विद्युत्आलेखातील रेषा खुजट. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. टेक्निशियम पायरोफॉस्फेटच्या चित्रणाने ट्रान्सथायरेटिन प्रकार बहुधा बायोप्सीविना ओळखता येतो. मात्र रक्त व मूत्र तपासून हलक्या तुकड्यांचा प्रकार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, कारण तेथेही चित्रण फसवे ठरू शकते.

माझ्या रुग्णपत्रिकेत पादशोथाच्या रकान्याखाली आता एक नवी ओळ छापून घेतली आहे : मनगटाची शस्त्रक्रिया झाली आहे काय? एका की दोन्ही हातांची?