तो दुवा आणि ती दुवा

‘दुवा’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो. ‘तो दुवा’ म्हणजे साखळीतली कडी. ‘ती दुवा’ म्हणजे आशीर्वाद. आमच्या दादीच्या तोंडी हीच असायची. इंटरनेटवरच्या लिंकलाही मराठीत दुवा म्हणतात. एका संकेतस्थळाने आपल्या पानावर दुसऱ्याचा दुवा दिला, की तो त्या दुसऱ्याच्या खात्यावर ‘बॅकलिंक’ म्हणून जमा होतो. शोधयंत्रात तुमचं पान वर दिसणार की तळाला जाणार, हे काही अंशी त्यावर ठरतं. मी हे पैसे घालवून शिकलो.

२००९ साली आमच्या गल्लीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी एका संकेतस्थळावर घातल्या. गाणाऱ्या बहुतेक मुसलमान, ओव्या मराठी. भाच्याने पानं बांधून दिली. पण गुगलमध्ये ‘जात्यावरच्या ओव्या’ असं टाकलं की बाकी सगळे यायचे, आम्ही नाही. “मामू, आपल्याला कुणी लिंकच देत नाही ना,” भाचा म्हणाला.

यामागची कल्पना १९९८मध्ये प्रसिद्ध झाली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होते. ज्या निबंधाचा हवाला इतर अभ्यासक जास्त देतात तो मोलाचा, हा विद्वानांचा न्याय त्यांनी इंटरनेटवरच्या पानांना लावला. पण नुसती डोकी मोजली नाहीत. हवाला देणाऱ्या पानाचं स्वतःचं वजन किती, हेही पाहिलं. आणि ते वजन त्या पानावरच्या सगळ्या दुव्यांत वाटून टाकलं. मुशायऱ्यात बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या रांगेतल्या एखाद्या उस्तादाने नुसती मान हलवली तरी शेर कुठल्या कुठे जातो. तोच उस्ताद प्रत्येक शेराला ‘वाहवा’ करू लागला, की त्याची दाद स्वस्त होते. आणि कवीने सोबत आणलेली चार पोरं? त्यांच्याकडे कोण बघतो!

दुवा कोणत्या शब्दांवर बसवला आहे, त्यालाही किंमत असते. २००३मध्ये काही खोडकरांनी ‘दारुण अपयशी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या परिचयाच्या पानाला ठिकठिकाणहून दुवे दिले. ते शब्द त्या पानावर कुठेच नव्हते, तरी ते शोधले की बुशसाहेब पहिले! गुगलने यावर उपाय केला तो २००७च्या जानेवारीत.

मजकुराच्या ओघात, त्याच विषयावर लिहिणाऱ्याने आपणहून दिलेला दुवा सर्वांत भारी. पानाच्या तळाशी पाटीसारखा ठोकलेला हलका, असं या धंद्यातली माणसं मानतात. काही दुव्यांवर तर ‘नोफॉलो’ अशी खूण असते. ‘पत्ता देतो, पण हमी देत नाही,’ असा तिचा अर्थ. ही २००५ची सोय. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी २०१९मध्ये वेगळी खूण आली. गुगलचा नियम असा, की दुवा विकत दिला असेल तर तसं सांगा.

मी नेमका तोच विकत घेतला. २०११मध्ये एकाने तीन हजार रुपयांत पाच हजार दुवे देतो म्हणून सांगितलं. दिलेही! जुगाराची पानं, औषधांची पानं, कसल्या कसल्या भाषांतली पानं, आणि सगळीकडे तेच शब्द: ‘जात्यावरच्या ओव्या’. काही महिने आम्ही पहिल्या पानावर होतो. मी मिठाईसुद्धा वाटली.

एप्रिल २०१२मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाची नवी चाळणी लावली. असे भाडोत्री दुवे असलेली संकेतस्थळं ती खाली ढकलत असे. आम्ही दिसेनासे झालो. त्याच पावसाळ्यात आमच्या ओव्या गाणाऱ्यांतल्या हमीदाबी गेल्या. पुण्याहून त्यांच्या नातीचा फोन आला. “चाचा, दादीच्या ओव्या तुम्ही काढून टाकल्या का हो? किती शोधलं.” संकेतस्थळाचा पत्ता तिच्याजवळ नव्हता, फक्त विषय ठाऊक होता. मी फोनवरच तिला चार ओव्या वाचून दाखवल्या. तीन हजार रुपयांची गोष्ट मात्र सांगितली नाही.

नको असलेले दुवे नाकारण्याची सोय गुगलने त्याच ऑक्टोबरमध्ये दिली. भाच्याने आठवडाभर बसून यादी केली, पाठवली. वर यायला दोन वर्षं गेली. २०१६पासून पेंग्विन असे दुवे बहुतेक सोडूनच देतो, शिक्षा करत नाही. म्हणजे आता ते तीन हजार नुसते पाण्यात गेले असते. दुव्यांखेरीज इतर पुष्कळ गोष्टीही आज मोजल्या जातात. तरी दुवे विकणाऱ्यांची पत्रं मला अजून येतात.

पुढे एका महाविद्यालयातल्या बाईंनी लोकसाहित्यावरच्या आपल्या लेखात, एका वाक्यात, आमचा दुवा दिला. पाच हजारांनी झालं नव्हतं ते त्या एकाने झालं. मग त्या नातीनेही स्वतःच्या पानावर दुवा दिला, पण ‘ओव्या’ या शब्दावर नाही, दादीच्या पूर्ण नावावर. आता ते नाव शोधलं की पहिलं आमचं पान येतं.