बंद झालेला कटर थंड झालेला नसतो

"बंद केलाय ना कटर, मग आता काय होतंय?" गणपती गेले की आमच्या रत्नागिरीकडच्या आंबाबागांत बेणणी, म्हणजे यंत्राच्या कटरने गवत कापणी, सुरू होते आणि हे वाक्य दर मोसमात कानावर येतं. टाकी संपली, कटर खांद्यावरून उतरवून गवतातच आडवा टाकला, झाकण फिरवलं, बाटलीतून पेट्रोल ओतलं, लगेच पुन्हा दोरी ओढली. सांगून सांगून मी थकलो, तरी पुन्हा सांगतो.

टू-स्ट्रोक कटरचं इंजिन मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेतं. त्याचा सायलेन्सर शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि टाकी तिथून वीतभर अंतरावर असते. इंजिन थांबलं की गार करणारा पंखाही थांबतो. मग सिलिंडरमधली उष्णता काही मिनिटं आजूबाजूच्या भागांत उतरत राहते, टाकीतही उतरते.

"काडी लावल्याशिवाय पेट्रोल पेटत नाही," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, मग ऑक्टोबरच्या उन्हात किती सोडत असेल! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, गवताच्या बुडाशी साचते. बिडीचं थोटूक, प्लगच्या फाटक्या टोपीतून उडालेली ठिणगी, काहीही तिला पुरतं. आणि साधारण २५० ते २८० अंशांच्या पुढे ती ठिणगीवाचूनही पेटू शकते. त्यातच तापलेल्या टाकीत दाब साठलेला असतो. झाकण झटक्यात उघडलं तर आतलं पेट्रोल कारंज्यासारखं उसळतं, तोंडावर, सदऱ्यावर, सायलेन्सरवर.

"वीस वर्षं असंच भरतोय," असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: अंगावरचा सदरा पेट्रोलने भिजून पेटला, तर बागेतून दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल?

कटर मोकळ्या मातीवर ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. चहा तेव्हाच घ्या, बिडी मात्र तिथे नको. झाकण सावकाश सैल करा, आतला दाब फुस्स करून जाऊ द्या. ओतायला नरसाळं घ्या, टाकी काठोकाठ भरू नका. सांडलं तर पुसा, कपड्यावर सांडलं तर कपडा बदला. भरल्या जागी कटर सुरू करू नका. स्टिल कंपनीच्या कटरच्या माहितीपुस्तिकेत निदान ३ मीटर लांब जायला सांगितलं आहे. कामगारांना ही दहा मिनिटं मिळवून देणं हे बागायतदाराचं काम आहे. मजुरी कापली जाईल या धास्तीने कोणी गरम टाकी उघडत असेल, तर दोष त्याचा नाही.

असे आणखीही काही समज ऐकू येतात. "ऑइल जरा जास्त घातलं की इंजिन टिकतं." नाही. पुस्तिकेत ऑइल-पेट्रोलचं प्रमाण १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. जास्त ऑइलने प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात. फोर-स्ट्रोक कटरच्या पेट्रोलमध्ये तर ऑइल घालायचंच नसतं, ऑइलची जागा वेगळी असते.

"पाण्याची बाटली चालते." चालत नाही. ती पेट्रोलसाठी बनवलेली नसते, आणि तहानलेलं पोर ती तोंडाला लावतं.

"गवत कापायची नायलॉनची दोरी काय लागणार?" ४० सेंटीमीटर व्यासाचा घेर मिनिटाला सहा हजार वेळा फिरला, की दोरीचं टोक ताशी साडेचारशे किलोमीटरने धावतं. त्याने उडवलेला खडा डोळा फोडतो, म्हणून चष्मा हवा आणि बाकीची माणसं १५ मीटर लांब हवीत.

"दोरी सारखी तुटते, तार लावू." तारेचा तुकडा तुटला की गोळीसारखा सुटतो. कटरला लावायच्या साखळीच्या जोडण्या विकायला युरोपीय आयोगाने २०१२ साली मनाई केली, ती साखळीची कडी तुटून माणूस दगावल्यानंतर.