वर्ड का बंद पडत होते? कार्यालयीन नेटवर्कवरील एका चिवट दुखण्याचा मागोवा

कार्यालयांतील पत्रे, टिपण्या, निविदा आणि अहवाल १९९०च्या दशकात टंकलेखन यंत्रावरून संगणकावर आले आणि थोड्याच वर्षांत हे संगणक नेटवर्कने एकमेकांना जोडले गेले. मजकूर लिहिणे, सुधारणे आणि छापणे ही सर्व कामे करणारे मायक्रोसॉफ्ट वर्ड हे सॉफ्टवेअर या दोन्ही बदलांच्या केंद्रस्थानी होते. आणि काम चालू असताना त्याचे अचानक बंद पडणे, ज्याला कार्यालयांत ‘वर्ड क्रॅश झाले’ किंवा ‘हँग झाले’ असे म्हटले जाते, हे पुढील तीन दशकांचे चिवट दुखणे ठरले. या काळाकडे मागे वळून पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते: बिघाड वर्डच्या खिडकीत प्रकट होत असला, तरी पुनःपुन्हा येणाऱ्या बिघाडाचे मूळ बहुधा टेम्प्लेट, प्रिंटर, सर्व्हरवरील फोल्डर आणि ॲड-इन अशा भोवतालच्या गोष्टींत असे, आणि उपचार मात्र वर्षानुवर्षे प्रोग्रॅमवरच होत राहिले.

सुरुवातीच्या काळात हा फरक ओळखणे खरोखरच अवघड होते. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये चालू असलेले सर्व प्रोग्रॅम एकाच सामायिक मेमरीत वावरत आणि खिडक्या, चित्रे व फॉन्ट यांसाठी राखून ठेवलेले काही भाग अवघ्या ६४ किलोबाइटचे असत, त्यामुळे ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ हा संदेश पडद्यावर आला तरी दोष वर्डचा की शेजारच्या प्रोग्रॅमचा, हे सांगता येत नसे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ ने नव्या प्रोग्रॅमना स्वतंत्र जागा दिली आणि स्थिती काहीशी सुधारली.

याच सुमारास नेटवर्कवरील कार्यालयांना नॉर्मल.डॉट या फाइलची खरी ओळख झाली. टेम्प्लेट म्हणजे नव्या दस्तऐवजाचा साचा, आणि नॉर्मल.डॉट हा वर्डचा मूळ साचा; वर्ड सुरू होताना तो उघडला जातो आणि वापरकर्त्याच्या शैली, कीबोर्डचे शॉर्टकट व मॅक्रो, म्हणजे एका आज्ञेसरशी अनेक कामे उरकणारे छोटे प्रोग्रॅम, त्यात साठवले जातात. हा साचा प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळा असणे अपेक्षित होते, परंतु काही कार्यालयांत सर्वांच्या पत्रांचे रूप सारखे राहावे या हेतूने तो सर्व्हरवर ठेवून सर्वांना एकच दिला गेला; मग एकाने वर्ड बंद करताना त्यात बदल लिहायचा आणि त्याच वेळी तो दुसऱ्याच्या हाती उघडा असायचा, अशी ओढाताण सुरू झाली. १९९५ सालच्या ‘कॉन्सेप्ट’ या मॅक्रो विषाणूने याच साच्याचा आधार घेतला: दूषित दस्तऐवज एकदा उघडला की विषाणू नॉर्मल.डॉटमध्ये शिरे आणि तेथून पुढच्या प्रत्येक दस्तऐवजात उतरे. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेल्या ‘मेलिसा’ या विषाणूने ॲड्रेस बुकातील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून ईमेलचे सर्व्हरही कोंडून टाकले. या दोन घटनांनंतर साच्याची फाइल संशयित मानली जाऊ लागली, आणि ती बाजूला काढून वर्डला नवी कोरी फाइल तयार करू देणे हा तपासाचा पहिला धडा बनला.

त्याहून खोल, आणि म्हणून अधिक काळ दुर्लक्षित राहिलेले, कारण वर्डच्या फाइल जतन करण्याच्या पद्धतीत होते. वापरकर्त्याला वाटते की ‘सेव्ह’ म्हटल्यावर जुन्याच फाइलवर नवा मजकूर लिहिला जातो. प्रत्यक्षात वर्ड त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल तयार करून नवा मजकूर तिच्यात लिहिते, मग जुनी फाइल हटवते आणि तात्पुरत्या फाइलला तिचे नाव देते. ही पद्धत मुळात सुरक्षिततेसाठी होती, कारण मध्येच वीज गेली तरी दोहोंपैकी एक प्रत शिल्लक राहावी असा तिचा उद्देश होता. परंतु तिचे यश फोल्डरमध्ये फाइल तयार करणे, हटवणे आणि तिचे नाव बदलणे या तीनही परवानग्यांवर अवलंबून होते. सर्व्हरच्या व्यवस्थापकाने कागदपत्रे कोणी पुसू नयेत म्हणून हटवण्याची परवानगी काढून घेतली, किंवा अँटिव्हायरसने नेमकी तात्पुरती फाइल तपासणीसाठी अडवून धरली, की ही साखळी मध्येच तुटे, फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या फाइली साचत आणि वर्ड त्रुटीचा संदेश देई किंवा गोठून जाई. याशिवाय दस्तऐवज उघडताच वर्ड ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी फाइल त्याच्याशेजारी ठेवते आणि दस्तऐवज कोणाकडे उघडा आहे ते तिच्यात नोंदवते; वर्ड अचानक बंद पडले की ही फाइल मागे राहते, आणि परत आलेल्या वापरकर्त्याला त्याचाच दस्तऐवज त्याच्याच नावाने अडवलेला दिसतो. सर्व्हरच्या व्यवस्थापकाला परवानग्यांचे पूर्ण ज्ञान होते आणि वर्ड वापरणाऱ्याला वर्डचे, पण या दोन ज्ञानांची गाठ क्वचितच पडत असे, हे या काळातील सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

प्रिंटरची कथाही अशीच आहे. ओळ कोठे तुटेल आणि पान कोठे संपेल हे ठरवताना वर्ड निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या सॉफ्टवेअरला, माहिती विचारत आले आहे. त्यामुळे काहीही छापायचे नसतानाही दुसऱ्या मजल्यावरचा नेटवर्क प्रिंटर बंद असला किंवा त्याचा ड्रायव्हर सदोष असला, तर नुसता दस्तऐवज उघडताना वर्ड अडकू शकते. साच्याचा मार्ग ही दुसरी अदृश्य दोरी होती. दस्तऐवज ज्या टेम्प्लेटवरून तयार झाला त्याचा पत्ता दस्तऐवजातच नोंदलेला राहतो, आणि तो पत्ता मोडीत काढलेल्या जुन्या सर्व्हरचा असेल, तर वर्ड त्या सर्व्हरचा शोध घेत बराच वेळ थांबून राहते. कंटाळलेला वापरकर्ता अशा वेळी टास्क मॅनेजरमधून वर्ड जबरदस्तीने बंद करी, आणि जो केवळ विलंब होता त्याचे रूपांतर खऱ्याखुऱ्या बिघाडात होई.

या सर्वांवर कार्यालयांत सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ऑफिस काढून पुन्हा बसवणे, आणि त्यानेही भागले नाही तर संगणक ‘फॉरमॅट मारणे’. हा उपाय इतका रूढ झाला, की तो कशावर चालतो आणि कशावर चालत नाही याचा विचारच मागे पडला. ऑफिस काढले तरी नॉर्मल.डॉट आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे सेटिंग्जच्या मध्यवर्ती नोंदवहीतील, वापरकर्त्याच्या नोंदी सामान्यतः जशाच्या तशा राहतात. सर्व्हरवरील परवानग्या आणि प्रिंटरचा ड्रायव्हर यांना तर हातही लागत नाही. अर्थात ज्या चार ठिकाणी दोष असण्याची शक्यता अधिक, तीच चार ठिकाणे ऑफिस पुन्हा बसवण्याच्या उपायातून सुटत होती.

योग्य मार्ग त्याच काळात उपलब्ध होता आणि तो पायरीपायरीने वगळण्याचा होता. तोच दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर उघडल्यास वर्ड बंद पडते का, त्याच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन केल्यास पडते का, आणि दस्तऐवज सर्व्हरवरून स्थानिक डिस्कवर उतरवून घेतल्यास पडते का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून दोष दस्तऐवजाचा, वापरकर्त्याच्या प्रोफाइलचा, संगणकाचा की नेटवर्कचा, हे बऱ्याच अंशी ठरते. वर्ड ‘/ए’ हा स्विच देऊन सुरू केले, तर नॉर्मल.डॉट आणि ॲड-इन, म्हणजे वर्डमध्ये बाहेरून जोडलेले पूरक प्रोग्रॅम, आपोआप उघडले जात नाहीत. तेवढ्याने बिघाड थांबला, तर शोधाचे क्षेत्र एकदम अरुंद होते.

२००१ साली आलेल्या ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांनी या तपासाला पुराव्याची जोड दिली. बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवण्याची सोय, सेफ मोड आणि दस्तऐवज परत मिळवण्याची व्यवस्था या आवृत्त्यांबरोबर सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात या अहवालांचे निष्कर्ष मांडले: सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के त्रुटी घडतात आणि केवळ १ टक्का दोष निम्म्या त्रुटींना कारणीभूत असतात. कार्यालयाच्या पातळीवर विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर हे साधनही तितकेच मोलाचे ठरले, कारण त्यातील नोंदीत बंद पडलेल्या प्रोग्रॅमसोबत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चे, म्हणजे ज्या घटकात चूक उद्भवली त्याचे, नाव असते, तेथे प्रिंटरच्या ड्रायव्हरचे नाव दिसले, तर वर्डला दोष देण्याचे कारण उरत नाही. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी घडवलेली फाइलमॉनसारखी साधने वर्ड कोणत्या क्षणी कोणती फाइल मागते आणि कोठे नकार मिळतो हे ओळीओळीने दाखवत. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली आणि या साधनांचे पुढचे रूप, प्रोसेस मॉनिटर, आजही विनामूल्य मिळते.

महाराष्ट्रातील कार्यालयांत या तपासाला एक वेगळी बाजू होती. विंडोज २०००मध्ये देवनागरीची अंगभूत सोय येईपर्यंत मराठी मजकूर सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या सॉफ्टवेअरच्या आधारे विशिष्ट फॉन्टमध्ये लिहिला जाई, आणि ती सोय आल्यानंतरही हा प्रघात अनेक वर्षे टिकला. असा दस्तऐवज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत आणि ‘फाइल करप्ट झाली’ असा निष्कर्ष काढला जाई, वास्तविक फाइल पूर्ण शाबूत असे. अशा कार्यालयात खरे नुकसान आणि फॉन्टचा अभाव यांची फारकत करणे ही तपासाची आद्य पायरी होती, आणि ती चुकल्यामुळे सुस्थितीतील मजकूर पुन्हा टाइप करण्याचे श्रम वाया जात.

दस्तऐवजच खराब झालेला असेल, तर जुन्या .डॉक स्वरूपात उपाय मर्यादित होते. ‘फास्ट सेव्ह’ ही सोय संपूर्ण फाइल नव्याने न लिहिता केवळ बदल शेवटी जोडत असे आणि त्यामुळे फाइल उत्तरोत्तर गुंतागुंतीची होई. २००७च्या आवृत्तीत ती उरली नाही. त्याच आवृत्तीने .डॉक्स हे स्वरूप आणले, ज्यात मजकूर, शैली आणि चित्रे हे वेगवेगळे भाग एका झिप पुडक्यात बांधलेले असतात, म्हणून एक भाग बिघडला तरी उरलेले बाहेर काढता येतात. दोन्ही स्वरूपांत उपयोगी पडणारी जुनी युक्ती म्हणजे शेवटचे परिच्छेदचिन्ह वगळून बाकीचा मजकूर नव्या दस्तऐवजात उतरवणे, कारण दस्तऐवजाच्या अखेरच्या विभागाची मांडणी त्या चिन्हाशी बांधलेली असते आणि बिघाड पुष्कळदा तेथेच दडलेला असतो.

पुढील दशकात बिघाडाची ठिकाणे सरकली. २०१३च्या आवृत्तीपासून पडद्यावरील चित्रणासाठी ग्राफिक्स कार्डाचा अधिक वापर होऊ लागला आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर संशयितांच्या यादीत आला. क्लाउडमधील स्वयंचलित जतनामुळे तात्पुरत्या फाइलींचा जुना खेळ काही कार्यालयांतून मागे पडला, पण स्वतःचा फाइल सर्व्हर राखणाऱ्या कार्यालयांत तो तसाच चालू आहे. म्हणून वर्ड पुनःपुन्हा बंद पडत असलेल्या कार्यालयांनी ऑफिस काढण्याची घाई करण्यापूर्वी इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद उतरवून घ्यावी, नॉर्मल.डॉटएम या आजच्या साच्याचे नाव बदलून पाहावे आणि सर्व्हरच्या व्यवस्थापकाला फोल्डरच्या परवानग्या वर्ड वापरणाऱ्याच्या शेजारी बसून तपासायला सांगावे.